गोळी का चुकते?

घर बांधून झाले, म्हणजे काम संपले काय? नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात. एक कौल फुटले तरी पाणी आत येते. पहिल्या दिवशी ते कुणाला दिसत नाही. आतल्या वाशाला ओल लागते. वासा हळूहळू कुजतो. मग एके दिवशी छप्पर खाली येते. लोक म्हणतात, "अचानक पडलं!" खरे पाहता ते अचानक पडलेले नसते.

माणसाच्या शरीराचेही असेच आहे. एखाद्याची मूत्रपिंडे निकामी होतात. मोठी शस्त्रक्रिया करून त्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवतात. तो बरा होऊन घरी येतो. मग त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागतात. महिनाभर नव्हे, वर्षभर नव्हे. ते मूत्रपिंड काम करीत आहे तोवर, रोज. गोळ्या चुकल्या तर मिळालेले मूत्रपिंड जाते. डॉक्टर हे बजावून सांगतात. रोग्यालाही ते पटते. तरी गोळ्या चुकतात. का बरे चुकत असतील? ह्या पाठात आपण त्याचाच विचार करू.

मूत्रपिंडाचे काम

आपल्या पाठीत, कमरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मूत्रपिंड असते. ते घेवड्याच्या बीच्या आकाराचे आणि मुठीएवढे असते. हल्ली सगळेच त्याला 'किडनी' म्हणतात. त्याचे काम गाळणीचे. रक्तातली घाण आणि जास्तीचे पाणी गाळून ते लघवीवाटे बाहेर टाकते.

बरीच वर्षे मधुमेह किंवा रक्तदाब अंगावर काढला, तर ही गाळणी बिघडते. बिघडण्याची आणखीही कारणे आहेत. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली की अंगावर सूज येते, भूक जाते, धाप लागते. मग यंत्राने रक्त स्वच्छ करावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास यंत्राला जोडून पडून राहावे लागते. पाणीसुद्धा मोजून प्यावे लागते.

दुसरा मार्ग मूत्रपिंड बदलण्याचा. ह्यासाठी आपल्या देशात १९९४ साली कायदा झाला. त्याप्रमाणे आई, वडील, भाऊ, बहीण, मुले, नवरा, बायको असे जवळचे नातेवाईक आपले एक मूत्रपिंड देऊ शकतात. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर नीट जगू शकतो. पुढे २०११ साली कायद्यात सुधारणा झाली आणि जवळच्या नातेवाइकांत आजी-आजोबा व नातवंडेही आली. ज्या रोग्याचा मेंदू कायमचा मेला आहे असे डॉक्टरांनी ठरवले, त्याच्या घरच्यांनी संमती दिली, तर त्याचे मूत्रपिंडही दुसऱ्याला देता येते. पुणे विभागात असे अवयव कुणाला द्यायचे, ह्याची यादी ठेवण्याचे काम २००४ पासून एक केंद्र करते. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ह्या शस्त्रक्रिया होतात. सरकारी ससून रुग्णालयातही त्या झाल्या आहेत.

देवडीवरचा पहारेकरी

पुण्यातले जुने वाडे तुम्ही पाहिले असतील. दाराशी देवडी असे. देवडीवर पहारेकरी बसे. ओळखीचा माणूस आत जाई. परक्याला तो अडवी.

आपल्या रक्तातही असे पहारेकरी आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे काम करतात. बाहेरचा रोगजंतू आला की त्या तुटून पडतात. म्हणून तर आपण जगतो. पण ह्या पहारेकऱ्याला नातीगोती समजत नाहीत. आईचे मूत्रपिंड मुलाला बसवले तरी तो म्हणतो, "हे परके आहे. हाकला ह्याला!"

मूत्रपिंड बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरी झाली. डॉक्टर जोसेफ मरे ह्यांनी ती केली. देणारा आणि घेणारा हे एकसारखे दिसणारे जुळे भाऊ होते. दोघांचे रक्तमांस इतके सारखे, की पहारेकरी फसला. भावाचे मूत्रपिंड त्याला परके वाटलेच नाही. पण प्रत्येकाला जुळा भाऊ कुठला असणार?

तेव्हा पहारेकऱ्याला आवरणारे औषध हवे होते. १९६० नंतरच्या काळात ॲझाथायोप्रीन हे औषध वापरात आले. पुढे नॉर्वे देशातल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्म जंतूपासून १९८४ साली टॅक्रोलिमस मिळाले. मातीतून निघालेल्या ह्या औषधांनी हजारो माणसे जगवली. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात १९७१ साली अशी शस्त्रक्रिया यशस्वी झाली.

ही औषधे पहारेकऱ्याला मारत नाहीत. त्याला जरा पेंगवतात. फार झोपवला, तर खरे चोर, म्हणजे रोगजंतू, आत शिरतील. फार जागा ठेवला, तर तो नव्या मूत्रपिंडावर काठी उगारील. म्हणून औषध अगदी मापाने आणि ठरल्या वेळी घ्यावे लागते. बहुतेकांना ते दर बारा तासांनी असते. सकाळी आठ आणि रात्री आठ. मधून मधून रक्त तपासून औषधाचे प्रमाण बरोबर आहे ना, हे डॉक्टर पाहतात.

दुखत नाही, हाच घोटाळा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. दात किडला की ठणका लागतो. माणूस धावत डॉक्टरकडे जातो. मूत्रपिंडाचे तसे नाही. गोळी चुकली तर त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही बहुधा काही जाणवत नाही. आत पहारेकरी जागा होऊ लागतो. पण वर मात्र सगळे ठीक. लघवी होते, भूक लागते, झोप येते.

मग मन एक चुकीचा धडा शिकते. "काल गोळी राहिली. काही झालं नाही. म्हणजे एखादे दिवशी राहिली तर चालतं!" एकदा चालते, मग दोनदा चालते. पुढे रक्ताच्या तपासणीत क्रिॲटिनीनचा आकडा वाढलेला दिसतो. हा आकडा वाढला म्हणजे गाळणी तुंबू लागली. अंगावर सूज येईपर्यंत पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते. एकदा गेलेले मूत्रपिंड परत येत नाही. दुसऱ्यांदा बसवायचे म्हटले तर ते अधिक अवघड जाते. कारण पहारेकरी आता सावध झालेला असतो.

हे किती वेळा घडते? २००४ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्याआधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला. गोळ्या चुकवणाऱ्यांचे मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता नियमित घेणाऱ्यांच्या सुमारे सातपट, असे त्यांना आढळले. तरुण मुलामुलींत हा धोका सर्वांत जास्त, असेही डॉक्टरांचे सांगणे आहे.

आणि हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सांगितले, की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. म्हणजे शिकलेले लोकही गोळ्या चुकवतात. मोटारीतून फिरणारेही चुकवतात. "अडाणी आहे, म्हणून चुकवतो," असे म्हणणे खोटे आहे.

आपल्या देशाला ही गोष्ट क्षयरोगाने फार पूर्वी शिकवली. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयाच्या औषधांचे केंद्र निघाले. घरी राहून औषध घेणारा रोगीही रुग्णालयातल्या रोग्याइतकाच बरा होतो, हे तिथे सिद्ध झाले. पण त्याचबरोबर दुसरी गोष्टही ध्यानात आली. चार आठवड्यांत खोकला थांबला, वजन वाढले, की लोक गोळ्या सोडू लागत. तेव्हा समोर बसवून गोळी देण्याची पद्धत पुढे आली. क्षयाच्या गोळ्यांना मात्र शेवट असतो. काही महिन्यांनी त्या संपतात. मूत्रपिंडाच्या गोळ्यांना शेवट नाही. रोज उठून कोण समोर बसणार? तिथे रोग्याचे मनच पहारा देणार. म्हणून ते मन ओळखले पाहिजे.

तीन माणसे, तीन मने

समजण्यासाठी आपण तीन माणसे कल्पू. ही कुणी खरी माणसे नव्हेत. पण अशी माणसे आपल्या आसपास असतात.

पहिला, पर्वतीच्या पायथ्याशी राहणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला आईने मूत्रपिंड दिले. गोळ्यांपैकी एकीने त्याचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला. मित्र त्याला 'भोपळ्या' म्हणू लागले. तो ढोल पथकात होता. पुण्याची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते, दुसऱ्या दिवसापर्यंत जाते. गोळ्या घरी राहिल्या. चार पोरांत पुडी काढायची त्याला लाजही वाटे. "मी आजारी नाही. मी सगळ्यांसारखाच आहे." हे त्याला मित्रांना दाखवायचे होते. त्याहून जास्त स्वतःला दाखवायचे होते. दर गोळी त्याला आठवण करून देई, की तू वेगळा आहेस. गोळी टाळली की थोडा वेळ आजार विसरता येई.

दुसरी, महात्मा फुले मंडईत भाजी विकणारी बाई. तिला भावाने मूत्रपिंड दिले. पहाटे चारला ती उठते. सकाळी आठला गिऱ्हाइकांची झुंबड असते. गिऱ्हाइकासमोर गोळ्या खाल्ल्या तर लोक विचारतील, "काय झालंय हिला?" म्हणून ती मागे ढकलते. घरी गेल्यावर आधी नवऱ्याचे जेवण, मग मुलांचे, मग सासूबाईंचे. सगळ्यांचे झाले की मग आपले. तोवर ती दमून झोपते. मुलीची फी भरायची असली की ती मनाशी हिशेब करते. "दोनाच्या ऐवजी एकच गोळी घेते. महिनाभर चालेल." तिच्या मनात दोष एकच आहे. तिचा जीव सगळ्यांच्या शेवटी येतो, असे तिला लहानपणापासून शिकवले गेले आहे.

तिसरा, पन्नाशीचा रिक्षावाला. त्याला अपघातात गेलेल्या एका माणसाचे मूत्रपिंड मिळाले. तो माणूस कोण, हे त्याला सांगितलेले नाही. नियमच तसा आहे. रात्री त्याला झोप लागत नाही. "त्याच्या बायकोचं कुंकू पुसलं आणि मी जगतोय. माझी काय लायकी?" त्याला जेवण गोड लागत नाही. कशातच मन रमत नाही. गोळ्या डब्यात दिसतात, पण हात पुढे होत नाही. तो विसरत नाही. त्याला जगावेसेच वाटत नाही.

पाहा, तिघांचीही गोळी चुकते. पण तिघांची कारणे निराळी. एकाला लाज आहे. दुसरीला स्वतःची किंमत वाटत नाही. तिसऱ्याला उदासी आहे. तिघांनाही "विसरू नकोस" एवढेच सांगून काय उपयोग? त्यांची अडचण विसरण्याची नाहीच.

ऋणाचे ओझे

आणखी एक गोष्ट घराघरांत असते. ती कुणी बोलत नाही. आपल्या देशात नात्यातल्या माणसाला मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त असतात. आई देते, पत्नी देते, बहीण देते. एवढे मोठे दान फेडायचे कसे?

घरात भांडण झाले की तोंडून शब्द निघून जातो. "मी माझ्या पोटातलं काढून तुला दिलं, आणि तू गोळ्या घेत नाहीस?" आई प्रेमानेच बोलते. पण मुलाच्या मनावर दगड बसतो. पुढच्या खेपेस गोळी चुकली की तो सांगत नाही. आईच्या डोळ्यांत पाणी पाहण्यापेक्षा खोटे बोललेले त्याला बरे वाटते. "घेतली का रे गोळी?" "हो, घेतली." दोघेही निर्धास्त. आणि आत वासा कुजत असतो.

म्हणून देणाऱ्याने दिल्याचा उच्चार करू नये. दिले ते दिले. आता ते मूत्रपिंड ज्याच्या पोटात आहे, त्याचे आहे. घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. देणाऱ्याने फेड मागितलेली नाही. तुम्ही जगावे, एवढेच मागितले आहे.

विचारावे कसे?

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. शाळेत एक गोष्ट नेहमी दिसते. गैरहजर राहिलेल्या मुलाला छडी दाखवून विचारले, "का आला नाहीस?" की तो म्हणतो, "पोटात दुखत होतं." दर खेपेस पोटच दुखते! जवळ बसवून हळू विचारले, की खरे बाहेर येते. कुणाला धाकट्या भावाला सांभाळायचे असते. कुणाकडे वही नसते. कुणाला एखादा दांडगा मुलगा वाटेत मारतो. कारण कळले की उपाय सापडतो.

गोळ्यांचेही तसेच. एका घरात असे विचारतात :

"आज तरी गोळी घेतलीस का? की आज पण विसरलास?"

ह्या प्रश्नाला "घेतली" हे एकच उत्तर आहे. खरे बोलायला जागाच नाही. दुसऱ्या घरात असे विचारतात :

"अरे, एवढ्या गोळ्या रोज घ्यायच्या म्हणजे कधीतरी चुकायच्याच. ह्या आठवड्यात किती राहिल्या? कधी जड जातं तुला?"

इथे खरे बोलायला दार उघडे आहे. मुलगा म्हणेल, "रात्रीची राहते, आई. क्लासमध्ये असतो मी. सगळ्यांसमोर नको वाटतं." बस्स! गाठ सापडली. आता ती सोडवता येते.

डॉक्टरांसमोरही खरेच बोलावे. "चुकल्या" म्हणायची भीती वाटते. पण विचार करा. तुम्ही सगळ्या गोळ्या घेतल्या असे सांगितले आणि रक्तात औषध कमी दिसले, तर डॉक्टर औषध वाढवतील. मग तुम्ही सगळ्या गोळ्या घेऊ लागलात की औषध जास्त होईल. पहारेकरी फार झोपेल. औषधाचा त्रास वाढेल. खोटे बोलण्यात तुमचेच नुकसान आहे.

गोळ्यांचा त्रास होत असेल, तोही सांगावा. कुणाचा हात कापतो, कुणाचा चेहरा सुजतो, कुणाच्या अंगावर केस वाढतात, कुणाची साखर वाढते. हे खोटे नव्हे. डॉक्टर प्रमाण किंवा औषध बदलू शकतात. तो निर्णय मात्र त्यांचा. आपल्या मनाने एक गोळी गाळू नये.

मनाला वळण कसे लावावे?

रोज ठरवून गोळी घेणे फार कठीण. सवयीने घेणे सोपे. दात घासायचे का, असे आपण रोज सकाळी ठरवत नाही. हात आपोआप ब्रशकडे जातो. गोळीचे तसे व्हावे.

त्यासाठी गोळी एखाद्या नेहमीच्या कामाला बांधावी. कुणी देवापुढे दिवा लावतो, तेव्हा घ्यावी. कुणी ठरावीक बातम्या ऐकतो, तेव्हा घ्यावी. मोबाइलवर गजर लावावा. सात वारांचे खण असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी बसून आठवड्याच्या गोळ्या भराव्यात. खण रिकामा दिसला म्हणजे गोळी घेतली. भरलेला दिसला म्हणजे राहिली. मनाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही.

आमच्या वाचकांना इथे एक काम आहे. तुम्ही आता वाचू-लिहू लागला आहात. घरात असा रोगी असेल, तर डबीवर मराठीत चिठ्ठी चिकटवा. 'सकाळ ८', 'रात्र ८'. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज खूण करा. गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधी दुकानात जा. पाकिटावरचे नाव मागच्या पाकिटाशी अक्षर अक्षर ताडून पाहा. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर आधी डॉक्टरांना विचारा. ह्या औषधात कंपनी बदलली तर रक्त पुन्हा तपासावे लागू शकते. तुमची अक्षरओळख अशा वेळी कुणाचा तरी जीव वाचवील.

आपल्या तिघांचे काय? मुलाने एका जिवलग मित्राला खरे सांगावे आणि पुडी त्याच्या खिशात ठेवावी. मिरवणुकीत तोच आठवण करील. मंडईतल्या बाईने डॉक्टरांना आपल्या दिवसाचा क्रम सांगावा. आठऐवजी दुसऱ्या दोन सोयीच्या वेळा ते ठरवून देतील. घरच्यांनी तिला आधी वाढावे, गोळी आधी द्यावी. रिक्षावाल्याला मनाच्या डॉक्टरांची गरज आहे. मनाच्या डॉक्टरांचे नाव काढले की पुण्यात लोकांना येरवडा आठवतो. हा गैरसमज सोडावा. उदासी हा आजार आहे आणि तो बरा होतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न राहिले, झोप-भूक गेली, तर रुग्णालयात तसे सांगावे. १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येते, मराठीतही. 'टेलिमानस' नावाची ही सेवा २०२२ साली सुरू झाली. आणि त्या अज्ञात माणसाबद्दल काय म्हणावे? तो रिक्षावाल्यामुळे गेला नाही. त्याच्या घरच्यांनी दुःखातही एक चांगले काम केले. ते जपणे हीच त्यांच्याविषयीची कृतज्ञता.

पैशाची अडचण ही मात्र मनाची नव्हे. ती खरी अडचण आहे. ती लपवून गोळ्या अर्ध्या करू नयेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मिळते. पुढच्या गोळ्यांचे काय, हे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून ठेवावे. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवक असतात. त्यांना भेटावे. मागायला लाजू नये.

उपास, गावठी औषध आणि दुसरे डॉक्टर

एकादशीला गोळी चालते का? महाशिवरात्रीला? असे पुष्कळ जण विचारतात. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतल्याने कुणाचा देव रागावत नाही. रमजानचे रोजे धरायचे असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला त्या धर्मातही सवलत आहे. ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतात. वारीला निघायचे असेल तर गोळ्यांची पुडी सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नये. अंगावरच ठेवावी.

"गोळ्या फार उष्ण पडतात, हा काढा घे," असे सांगणारे भेटतील. ते वाईट मनाने सांगत नाहीत. पण काही काढे आणि पाळेमुळे मूत्रपिंडाला घातक असतात. दुखण्यावरच्या साध्या गोळ्याही घातक ठरू शकतात. क्षयाच्या एका औषधाने ह्या गोळ्यांचा जोर कमी होतो. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तरी पहिले वाक्य हेच बोला : "माझी किडनी बदललेली आहे."

रक्त तपासायच्या दिवशी सकाळची गोळी घरून घेऊन जाऊ नका. बरोबर न्या. रक्त दिल्यावर घ्या. एखादी गोळी राहिलीच, तर पुढच्या खेपेस आपल्या मनाने दुप्पट घेऊ नका. राहिलेल्या गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. गोळी घेतल्यावर उलटी झाली, तर फोन करून विचारा.

शेवटी एवढेच

मूत्रपिंड नीट सांभाळले तर कित्येकांना ते पंधरा-वीस वर्षे साथ देते. तेवढ्या काळात मूल मोठे होते. मुलीचे शिक्षण पुरे होते. घराचे कर्ज फिटते. हे सगळे दिवसातल्या दोन वेळांवर उभे आहे.

ज्याची गोळी चुकते, तो आळशी नव्हे आणि कृतघ्नही नव्हे. त्याच्या मनात काहीतरी अडलेले असते. लाज असेल, भीती असेल, ऋणाचे ओझे असेल, उदासी असेल. रागावल्याने ते आणखी आत जाते. विचारल्याने बाहेर येते. शेजारीपाजारी, नात्यागोत्यात असा कुणी असेल, तर हा पाठ त्याला वाचून दाखवा. वाचून झाल्यावर लगेच उपदेश करू नका. "तुला कधी जड जातं?" एवढे विचारा, आणि तो बोलेल ते ऐकून घ्या.

प्रश्न

१. जुळ्या भावाचे मूत्रपिंड पहारेकऱ्याला परके का वाटले नाही?
२. गोळी चुकल्यावर लगेच त्रास होत नाही. ह्यात धोका कोणता?
३. मुलगा, भाजीवाली आणि रिक्षावाला ह्यांच्या गोळ्या कोणकोणत्या कारणांनी चुकत होत्या?
४. "घेतलीस का?" आणि "कधी जड जातं?" ह्या दोन प्रश्नांत फरक काय?
५. तुमच्या घरात रोज गोळी घेणारे कुणी आहे काय? त्यांच्या डबीसाठी एक चिठ्ठी लिहा.